दिवेलागणीनंतरचं विरजण

तुळसा आली की आधी शेणाचा वास यायचा, मग काकणांचा आवाज आणि मग तिची हाक.

"मास्तर, घ्या तुमच्या जंतवांची न्याहारी!"

डोक्यावर घमेलं घेऊन ती कारखान्याच्या मागच्या फाटकातून आत शिरायची. फाटकावर पास दाखवायचा असतो, हे तिला वॉचमनने कितीदा सांगितलं असेल देव जाणे. "शेनाला कसला पास?" असं म्हणून ती पुढे. वॉचमनही कंटाळून तिला दुरूनच हात करायला लागला होता.

मी मास्तर नव्हे. मी चिपळूणच्या खातूंच्या घरातला, मुंबईत एम.एस्सी. झालेला. सावर्ड्यापासून थोडं आत, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, नव्याने उभ्या राहिलेल्या एका रसायनांच्या कारखान्यात सांडपाण्याच्या विभागाचा केमिस्ट होतो. विभाग म्हणजे मी, रावजी नावाचा खालच्या वाडीतला एक ऑपरेटर, एक भलीमोठी गोल टाकी आणि एक जुना सूक्ष्मदर्शक. साल पंच्याऐंशी. भोपाळ नुकतंच होऊन गेलं होतं, त्यामुळे वरच्या साहेबांना अशी टाकी निदान दाखवायला तरी हवी होती. मला मात्र ती खरीच चालवायची होती. वय सव्वीस, आणि डोकं तापट. त्यामुळे माझं कुणाशी फारसं जमत नसे. जमलं ते तुळसाशी.

आमच्या कारखान्याच्या पाण्यात फिनॉल असायचं. इस्पितळात फरशी पुसल्यावर येतो तसा वास, आणि गुण जहरी. हे पाणी तसंच सोडलं तर ते सड्याच्या उतारावरून पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, जाणार, आणि पऱ्या तुळसाच्या वाडीच्या अंगणाखालून वाहतो. ते विष खाऊन पचवणारे जंतू असतात. पण ते त्या काळी आमच्यासारख्यांना बाटलीत विकत मिळत नव्हते. ते शेणात, चिखलात असतात. त्यांना टाकीत घालायचं, वारा द्यायचा, गूळ-युरिया चारायचा आणि विष खायची हळूहळू सवय लावायची. यासाठी रोज ताजं शेण हवं होतं, म्हणून मी वाडीत उतरलो आणि पहिल्याच घरापुढे तुळसा भेटली.

पस्तिशीची बाई, काटक, पायाच्या टाचा कातळासारख्या. नवरा मुंबईत गोदीत. तो गणपतीला यायचा, तेही दोन वर्षांत एकदा, आणि तिकडे त्याचं दुसरं बिऱ्हाड आहे हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. मूलबाळ नाही. घरात ती आणि गोठ्यात तांबू. कोकणातली गाय ती, बुटकी, तांबूस, शेरभर दूध देईल न देईल. पण तुळसा बोलायची ती सगळी तिच्याशीच. मी गेलो तेव्हाही तिला दटावणं चाललं होतं.

"शेन कशाला?" तिनं मला विचारलं. "टाकी सारवाची हाय काय?"

आता हिला जीवाणू कसे सांगावे? मी आजूबाजूला पाहिलं. पडवीत शिंक्याला दह्याचं मडकं टांगलेलं होतं.

"विरजण लावायचंय," मी म्हटलं. "दुधाला लावतेस ना, तसं आमच्या पाण्याला. शेणात बारीक जीव असतात. ते पाण्यातलं विष खातात. मग ते पाणी पऱ्यात गेलं तरी भय नाही."

माझं मलाच कौतुक वाटलं. सोप्या भाषेत विज्ञान सांगितलं म्हणून मी खूश. तो शब्द मी तिच्या हातात दिला, हे पुढे अडीच वर्षं माझ्या लक्षातही आलं नाही.

तिनं क्षणभर विचार केला. मग म्हणाली, "मंग थोडं थोडं पानी घाला हां मास्तर. इवल्याशा इरजानात हंडाभर दूध वतलं तर काय व्हतं? नासतं."

मी दोन वर्षं पुस्तकांत जे वाचलं होतं ते हिनं अंगणात उभं राहून सांगितलं. मी तसंच केलं. पहिल्या दिवशी टाकीत विषाचं पाणी बादलीभर, आठवड्यानं पिंपभर. चाळीस दिवसांनी टाकीतलं पाणी चहासारखं तपकिरी झालं, त्याला ओल्या मातीचा वास यायला लागला, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात फिनॉल जवळजवळ उरलं नाही. मी आनंदानं रावजीला मिठी मारली, तर तो घाबरून मागे सरकला.

त्या दिवशी मी तुळसाला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. तिनं आधी पदराने डोळा पुसला, मग भिंगाला लावला. आत देठावरच्या घंटांसारखे जीव उघडझाप करत होते, काही इकडून तिकडे पळत होते.

"हे माज्या तांबूच्या पोटातलं?"

"बरंचसं."

"बया! एवढं गोकुळ!" ती म्हणाली, आणि घरी गेल्यावर तिनं गाईला ते सांगितलंही असणार. दुसऱ्या दिवसापासून ती टाकीपाशी आली की आधी वाकून बघायची, हुंगायची आणि निकाल द्यायची. "आज बरी हायत," किंवा "आज रुसलीत." मी तपासणीचे आकडे काढायचो तेव्हा तिचा निकाल बहुधा खरा निघायचा. याचा मला थोडा रागही यायचा, खोटं कशाला बोलू?

विरजण राखून ठेवायची कल्पनाही तिचीच. "टाकी नासली तर कुनाच्या दारात जाशीला? बाईमानूस इरजान घरात राखून ठेवतं." तिनं टाकीतला गाळ तीन मोठ्या माठांत भरून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवला. सकाळ-संध्याकाळ काठीनं घुसळून त्याला वारा द्यायची, गुळाचं पाणी घालायची. मी डब्यातून देत असे ते कारखान्याचं पाणीही वाटीभर, "न्हायतर सवय मोडंल". कंपनीने तिला हे काम सांगितलं नव्हतं आणि त्याचं कुणी काही दिलंही नाही. माठांच्या गळ्याला तिनं हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. मी हसलो तेव्हा म्हणाली, "हसा. घरातली जित्ती वस्तू हाय ती."

पुढचं वर्षभर सगळं सुरळीत चाललं. पऱ्याच्या खोलगट कोंडीत बारीक मासे दिसायचे, तांबू तिथंच पाणी प्यायची. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तांबू गाभण राहिली. तुळसाने ही बातमी मला अशी सांगितली, जणू मीच कुणीतरी तिच्या माहेरचा असावा.

मग शहाऐंशीचा दसरा आला.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं धुतात, यंत्रं पुसतात, झेंडू वाहतात. कारखाना दोन दिवस बंद होता. मी चिपळूणला घरी गेलो होतो. टाकीची पूजा रावजीने करायची ठरली होती आणि रावजी मोठा श्रद्धाळू माणूस. त्यानं पंप पुसला, पंख्याला हार घातला. राहता राहिली टाकी, तर तिच्यावर तपकिरी फेस. देवाच्या दिवशी ही घाण बरी दिसत नाही, असं त्याला वाटलं. गोदामात ब्लीचिंग पावडरची पोती होती, ग्रामपंचायतीचे लोक विहिरीत टाकतात ना, तीच. रावजीने दोन पोती टाकीत रिकामी केली. वरून झेंडूची फुलं टाकली आणि नारळ फोडला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी आलो तर टाकी निवळशंख. तळ दिसत होता, पावडरीचा वासही दोन दिवसांच्या उन्हात उडून गेला होता. रावजी हात जोडून उभा, शाबासकीची वाट बघत.

मी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. काहीही हलत नव्हतं. एकूण एक मेले होते.

त्या दुपारी मी रावजीला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तो रडला, तरी माझं तोंड थांबलं नाही. मग मॅनेजरसाहेबांकडे गेलो आणि कारखाना सुरू करू नका म्हणून भांडलो. पण तो सकाळीच सुरू झाला होता आणि साठवणीचा हौद काठाला आला होता.

मॅनेजरसाहेब वाईट नव्हते. घाबरट होते. त्यांनी घड्याळ बघितलं. "सातला मुंबईचा ट्रंककॉल लागणार आहे. नवं जंतूंचं बी किती दिवसांत आणशील?"

"मुंबईहून आणायचं तर महिना. पण एक जागा आहे. इथंच."

"मग ते सातच्या आत टाकीत घाल. बी पडलंय असं मला सांगता आलं तर आठ-दहा दिवस कारखाना बंद ठेवायची परवानगी मागतो. महिनाभर म्हटलं तर मुंबईचे साहेब ऐकायचे नाहीत. हौद पऱ्यात सोडा म्हणतील. आणि मला सोडावा लागेल."

इतकं स्वच्छ त्यांनी सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मी उतार धावत उतरलो. ऑक्टोबरचे दिवस, सहा वाजून गेले की अंधारून येतं. तुळसाच्या अंगणात पोचलो तेव्हा ती तुळशीपुढे दिवा लावून हात जोडत होती. तांबू गोठ्यात रवंथ करत होती, पोट चांगलंच दिसायला लागलेलं.

"तुळसा, ते विरजण दे. तिन्ही माठ. आत्ताच्या आत्ता."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दिव्याकडे.

"आता? दिवा लागला मास्तर. दिवा लागल्यावर इरजान कुनी देतं काय? घरातली लक्षुमी जाते. सकाळी देतंय. उजाडल्याबरुबर तुमच्या टाकीवर आनून वततंय, मंग तर झालं?"

इथं मी काय बोलायला हवं होतं ते शेंबडं पोरही सांगेल. बाई, टाकी मेली आहे. सात वाजता विष पऱ्यात सुटणार आहे. एवढंच. दोन वाक्यं. पण मी दिवसभर भांडून आलो होतो, डोकं भणभणत होतं. एकीकडे रावजीचा झेंडू आणि एकीकडे हिची लक्ष्मी, या सगळ्यांनी मिळून माझं वर्ष मातीत घातलं, असं मला वाटलं. मला वाटलं, मी कुठल्या लोकांत येऊन पडलोय.

"राहू दे तुझं विरजण तुझ्यापाशी," मी म्हटलं. "घाल त्याची कढी."

आणि पाठ फिरवली. मागून तिनं "मास्तर, ओ मास्तर, झालं काय ते तरी सांगा" अशी हाक मारली. मी ऐकली आणि थांबलो नाही.

सातला ट्रंककॉल लागला. मी खोलीवर जाऊन पडलो होतो. हौदाचा व्हॉल्व्ह उघडल्याचं मला रावजीने दारातूनच सांगितलं. तेव्हाही उठून वाडीत जाता आलं असतं, दहा मिनिटांची वाट. पाऊस नुकताच संपलाय, पऱ्याला पाणी आहे, जाईल वाहून, असं मी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे मला पुन्हा तिच्या दारात जायचं नव्हतं.

दिवस उजाडला तेव्हा मी टाकीच्या काठावर बसलो होतो. मागच्या फाटकातून काकणं वाजली. तुळसा आली, डोक्यावर माठ, धापा टाकत, चेहरा हसरा.

"घ्या. आता उजाडलं. आता चालतंय. रागावू नका मास्तर, अजून दोन खेपा करतंय." असं म्हणून तिनं माठ टाकीत रिता केला. तपकिरी गाळ त्या निवळ पाण्यात ढगासारखा पसरत गेला आणि तेवढ्यात तिला टाकी दिसली. ती वाकली. हुंगलं. "बया गो, ही तर मेलीत!"

"तुळसा," मी विचारलं, "तांबू कुठाय?"

"सोडलीय. तीन खेपा म्हंजे मना येळ व्हनार, ती कुठवर दाव्याला ऱ्हाईल? पऱ्यावर गेली असंल पानी प्यायला."

मी पळत सुटलो. ती काही न कळता माझ्या मागून. रात्रभर पलीकडे वाहणारा वारा आता फिरला होता; उतारावरच तो इस्पितळाचा वास आला, आणि तो वास आल्यावर तिला कळलं. मी मागे वळून पाहिलं नाही, पण तिच्या पावलांचा आवाज थांबला आणि मग माझ्यापेक्षा जोरात सुरू झाला. ती मला मागे टाकून गेली.

कोंडीत मासे पोटं वर करून तरंगत होते. तांबू काठावर उभी होती, पाय फाकून, तोंडाला फेस. आम्हाला बघून दोन पावलं तुळसाकडे आली आणि बसली.

रावजीने सायकल मारत जाऊन सावर्ड्याहून गुरांचा डॉक्टर आणला. तोवर अकरा वाजले होते. त्यानं सुई दिली, पण मान हलवली. तुळसा गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती रडत होती, मोठ्यानं, गळा काढून, माणसासाठी रडतात तशी. मध्येच थांबून पोटावर हात ठेवायची. "वासरू हलतंय मास्तर," असं तिनं मला दोनदा सांगितलं. दुपारी एकच्या सुमारास तांबू गेली. वासरू त्यानंतर थोडा वेळ हलत होतं, मग तेही थांबलं.

मी तिथंच उभा होतो. मला माझी लाज वाटत होती.

वाडीतली माणसं कारखान्याच्या फाटकावर गेली. व्हॉल्व्ह बंद झाला, कारखानाही बंद झाला. ट्रंककॉलवर जी परवानगी मिळत नव्हती ती एका मेलेल्या गाईने मिळवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीवर एकटाच होतो. काकणं वाजली. मला वाटलं भास झाला. तुळसा डोक्यावर दुसरा माठ घेऊन आली होती. डोळे सुजलेले. तिनं माठ टाकीत ओतला, परत गेली, तिसरा घेऊन आली, तोही ओतला.

"तुळसा, कशाला..." मी म्हटलं.

"देतंय म्हनून बोलले व्हते," ती म्हणाली.

त्या तीन माठांवर टाकी पुन्हा लागली. अकराव्या दिवशी पाण्याला मातीचा वास आला. भिंगाखाली पुन्हा घंटा उघडमीट करायला लागल्या. मी ते कुणाला दाखवलं नाही. रावजी टाकीकडे यायला घाबरायचा. त्याची चूक मी सगळ्यांना सांगितली होती. माझी मात्र कुणालाच सांगितली नव्हती.

कंपनीने तुळसाला नवी गाय दिली. जर्सी, उंच, बदामी रंगाची. कातळावरचं गवत तिला पचेना, उन्हाने ती धापा टाकायची. तुळसाने तिचं सगळं केलं, अंघोळ घातली, सावलीला बांधली. पण तिला नाव ठेवलं नाही. तिच्याशी बोललीही नाही. शेण मात्र रोज घेऊन यायची. आता वॉचमनला पास दाखवायची. "न्याहारी" ही हाक बंद झाली. घमेलं ठेवायची, टाकीत न वाकता निघून जायची. माठ तिनं पालथे घालून ठेवले होते. पुन्हा विरजण राखलं नाही, आणि मीही तिला राख म्हणालो नाही.

पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. ती घमेलं रिकामं करत होती. मी एका दमात सांगून टाकलं. की त्या संध्याकाळी मला सगळं माहीत होतं. सातला व्हॉल्व्ह उघडणार हे माहीत होतं. मी तुला सांगितलं नाही. रागाच्या भरात सांगितलं नाही.

मला वाटलं ती शिव्या देईल. द्याव्यात असंही वाटत होतं. तिनं हात पदराला पुसले आणि बराच वेळ टाकीकडे बघत राहिली. वर्षभरात पहिल्यांदाच.

"मना वाटलंच व्हतं कायतरी," ती म्हणाली. "त्या सांजेला तुमचं तोंड बगून वाटलं, देऊन टाकावं. पन तुमी इरजान म्हनालात. इरजान कसं देऊ?"

तिनं घमेलं उचललं.

"औषद म्हनला असता तर दिलं असतं, मास्तर. औषदाला दिवा बगत न्हाईत."

तिनं रिकामं घमेलं डोक्यावर पालथं घातलं आणि फाटकाकडे चालू लागली. फाटकावर थांबून पास दाखवला.

एकोणनव्वद साली मी ती नोकरी सोडली. त्यानंतर तीन कारखान्यांत मी अशा टाक्या लावल्या, शेण आणून देणाऱ्या माणसांना त्या समजावून सांगितल्या. सोप्या भाषेत सांगायचा माझा शौक गेलेला नाही. पण कुणी विचारलं, हे काय आहे, तर मी औषध म्हणतो.